आधी झोप, मग पान

अनेक आशीर्वाद.

आठवड्यात तीन रात्री जागून तुझ्या चित्रकथेची बावीस पानं पुरी केलीस, हे तू ज्या अभिमानाने लिहिलंस त्यानेच मला काळजी वाटली. पुढे मनगट दुखतंय असंही आहे. आणि शेवटी, सव्वीस वर्षं झाली, आता उशीर झाला. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला जपानी चित्रकथाकार मिझुकी शिगेरू आठवले. तू त्यांचा कितारो, तो भुतांमधला मुलगा, पाहिला असशील. पण तो कितारो ज्या हाताने काढला, त्या हाताबद्दल तुला सांगायचं आहे.

मिझुकींचा जन्म १९२२चा. बालपण गेलं जपानच्या तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या बंदराच्या गावी. शेजारपाजारची एक गरीब म्हातारी त्यांच्या घरी येत असे. पूजाअर्चा करणाऱ्या घरातली, म्हणून मुलं तिला नोननोनबा म्हणत. न्हाणीघरातला मळ चाटायला अकानामे नावाचं भूत येतं, छतावरचा डाग हा रात्री छत चाटणाऱ्या भुताचा, असलं सगळं ती या पोराला खात्रीने सांगायची. पोराने ते जपून ठेवलं.

१९४३मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानी सैन्यात भरती होऊन ते पॅसिफिकमधल्या न्यू ब्रिटन बेटावर, राबाऊलला गेले. त्यांच्या पुढच्या चौकीवर हल्ला झाला आणि सगळे मारले गेले, वाचले ते एकटे. जंगलातून, समुद्रातून कसेबसे तळावर परतले, तर तिथे ऐकायला काय मिळालं? बाकीचे मेले आणि तू का जिवंत आलास? त्या सैन्यात एक शब्द होता, ग्योकुसाई. रत्न फुटून विखुरतं तसं मरण. ज्याला ते आलं नाही तो गुन्हेगार. पुढे मलेरियाने तापलेले असताना बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. भूल न देता कापावा लागला.

जवळच्या वस्तीतल्या तोलाई या स्थानिक जमातीच्या माणसांनी त्यांना फळं खाऊ घातली, पाउलो असं नाव दिलं, आमच्यातच राहा म्हणाले. ते राहणारही होते. आधी आईवडिलांना भेटून ये, असं लष्करी डॉक्टरने समजावलं म्हणून परतले. या सगळ्यावर त्यांनी १९७३मध्ये मोठी चित्रकथा केली. ती तू वाच, पण रात्री नको.

आता तुझ्या ‘उशीर’बद्दल. युद्धानंतर त्यांनी मासळी विकली, कलाशाळेत गेले आणि ती सोडली, कोबेत मिझुकी-सो नावाची भाडोत्री खोल्यांची इमारत चालवली. टोपणनाव तिथूनच आलं, खरं आडनाव मुरा. मग कामिशिबाईची चित्रं. सायकलवर लाकडी चौकट घेऊन फिरणारा कथेकरी मुलांना गोळ्या विकायचा आणि चित्रं सरकवत गोष्ट सांगायचा, त्यासाठीची ही चित्रं. कितारोही मूळचा तिथलाच, तीसच्या दशकातल्या कामिशिबाईतला. तो धंदा बसला तेव्हा ते टोकियोला आले आणि भाड्याने वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांसाठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढू लागले. पहिलं पुस्तक आलं तेव्हा वय पस्तिशी ओलांडलेलं.

या वर्षांवर मला थोडं थांबायचं आहे, कारण तू सध्या तिथेच आहेस. भाड्याच्या पुस्तकांचे प्रकाशक पैसे वेळेवर देत नसत, काही तर बुडाले. घरातल्या वस्तू गहाण पडत. १९६१मध्ये पाहण्याचा कार्यक्रम झाला आणि पाच दिवसांत लग्न लागलं. नुनोए बाईंनी घरी येऊन पाहिलं, तर नवरा अंग वळवून डाव्या खांद्याने कागद दाबून धरतोय आणि उजव्या हाताने काढतोय. काही दिवसांनी त्याही शेजारी बसून शाई भरू लागल्या. मिझुकींच्या पानात माणसं अगदी साधी, दोनचार रेषांची असतात, आणि मागचं जंगल, दगड, अंधार मात्र हजारो ठिपक्यांनी भरलेला. ते ठिपके नुसते बघू नकोस. एक चौरस इंच स्वतः भर. घाईने भरता येत नाहीत, हे हातालाच कळेल.

याच ओढगस्तीत एका मोठ्या साप्ताहिकाचा माणूस दारी आला. अंतराळातली गोष्ट हवी होती. मिझुकी नाही म्हणाले, ते आपल्याला जमणारं नाही. घरात पैसे नसताना! पुढे ते लोक परत आले, तुम्हाला हवं ते काढा म्हणाले, आणि १९६५मध्ये ‘तेरेबी-कुन’ आली, टीव्हीच्या पडद्यात शिरू शकणाऱ्या मुलाची गोष्ट. तिला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं पारितोषिक मिळालं तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. नंतरचं तुला माहीत आहे. १९६८मध्ये कितारो टीव्हीवर आला, आणि त्याच्या नावातलं ‘स्मशान’ जाहिरातदारांना नको म्हणून ‘गेगेगे’ झालं.

झोपेबद्दल त्यांनी म्हातारपणी एक छोटी चित्रकथा काढली आहे. तेझुका ओसामू आणि इशिनोमोरी शोतारो हे दोन मोठे मांगाकार रात्र रात्र जागल्याचं अभिमानाने सांगायचे. मिझुकी म्हणायचे, मी कितीही काम असलं तरी झोपतो. ते दोघं साठाव्या वर्षी गेले. मिझुकी २०१५मध्ये, ९३व्या वर्षी, आणि नव्वदीनंतरही त्यांची मालिका चालू होती. तेझुकांच्या कामापुढे मी हात जोडतो, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण ज्याला तू जिवंत का परतलास असं विचारलं गेलं, त्याने कामापायी मरण्याचं कौतुक करू नये, हे मला फार खरं वाटतं. आळस करा, असंही ते सांगत, मात्र तो सल्ला पिकलेल्या वयासाठी. तरुणपणी राबायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा राब, पण झोपून उठून राब.

तुझ्या वयात मीही दिवाळी अंकांच्या हंगामात असाच जागलो. त्या वर्षीची चित्रं काढून पाहिली की सगळ्या माणसांचे हात सारखे दिसतात, कारण बघायला डोळे उरलेच नव्हते. तुझ्याही सतराव्या पानापासून हात सारखे झालेत. मनगट आधी डॉक्टरला दाखव, या आठवड्यातच. दिवसाला एकच पान काढ. साप्ताहिकांचा वेग टोकियोतल्या स्टुडिओंचा असतो, तिथे चौकटी आखणारा वेगळा आणि पार्श्वभूमी भरणारा वेगळा. तू एकटी आहेस.

बावीस पानांत मी थांबलो ते नवव्यावर. चेरीची झाडं आणि गणवेशातली मुलं मी जपानी मांगात आधी पाहिली आहेत. पण पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरणारी ती आजी कुठे पाहिली नव्हती. तिच्या मागचा अंधार तू सावकाश भरला आहेस, झोप झालेल्या दिवशी काढलं असणार. ती नातीकडे वाकून काहीतरी सांगते आहे, आणि संवादाचा फुगा मात्र रिकामा. जागा पुरली नाही की शब्द सुचले नाहीत? आजीने तुला खरोखर काय सांगितलं होतं, ते पुढच्या पत्रात जसंच्या तसं, तिच्या बोलीत लिहून पाठव.