ताऱ्याचा वारा खडकाळ ग्रहाचं वातावरण खरंच उडवून नेतो का?

तुम्ही विचारलंय की लाल बटुताऱ्यांजवळच्या (म्हणजे सूर्याहून लहान, थंड ताऱ्यांजवळच्या) खडकाळ ग्रहांना चुंबकीय क्षेत्र नसेल तर ताऱ्याचा वारा त्यांचं वातावरण उडवून नेतो, हे खरं का. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नागपूरचा, बरीच वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. हा भाग आला की मुलांना गच्चीवरच्या चादरीची आठवण करून देत असे. नवतप्यात दुपारी पिळून टाकलेली चादर बघता बघता कडक होते. ते एकट्या लूचं काम नाही. ऊन पाण्याला कापडापासून सोडवतं, लू ती वाफ घेऊन जाते. जानेवारीत तसाच वारा सुटला तरी चादर कितीतरी वेळ ओलसरच लागते.

ग्रहाच्या माथ्यावरही कामाची अशीच वाटणी असते. ताऱ्याचे क्ष-किरण आणि तीव्र अतिनील किरण सगळ्यात वरच्या थरात शोषले जातात. रेणू फुटतात, अणूंमधले इलेक्ट्रॉन निसटतात, थर तापून वर फुगतो. पृथ्वीवर साधारण 500 किलोमीटरच्या पलीकडे हवा इतकी विरळ आहे की वेगाने वर निघालेल्या अणूला अडवायला दुसरा अणू सहसा भेटतच नाही. अशा ठिकाणी अणूचा आयन झाला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून तो विद्युतभारित झाला, की तो वाऱ्याच्या तावडीत सापडतो. हा वारा म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा प्रवाह. सूर्याचा वारा आपल्यापाशी सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने येतो, पण एका घनसेंटिमीटरमध्ये पाचेक प्रोटॉन, एवढाच त्याचा ऐवज. हवेला ढकलून देण्याइतकं त्यात काही नसतं. तो स्वतःबरोबर ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र वाहून आणतो आणि त्या क्षेत्रात अडकलेले आयन त्याच्यासोबत ओढले जातात. म्हणून ‘उडवून नेतो’ हा शब्द मला पटत नाही.

मंगळावर हे प्रत्यक्ष मोजलं गेलंय. आपलं मंगळयान पोचलं त्याच आठवड्यात, सप्टेंबर 2014 मध्ये, नासाचं मेव्हन हे यान तिथे पोचलं. त्याच्या मोजणीनुसार मंगळ सेकंदाला सुमारे 100 ग्रॅम वायू गमावतो, सौरवादळात त्याहून जास्त. आर्गॉन कशाशीच संयोग पावत नाही, त्यामुळे तो खडकांत मुरला असं म्हणता येत नाही. तरीही मंगळाचा जवळजवळ 65 टक्के आर्गॉन अवकाशात गेलाय. मला सगळ्यात भावलेली नोंद मात्र डिसेंबर 2022 ची. तेव्हा सौर वाऱ्याची घनता अचानक शंभरपटीने खाली आली आणि मंगळाभोवतीचं आयनांचं आवरण हजारो किलोमीटर बाहेर पसरलं. वारा वातावरण नेतो तसाच तो एरवी त्याला दाबूनही धरतो, हे त्या एका घटनेत दिसलं.

आता चुंबकीय क्षेत्र. शुक्राला स्वतःचं क्षेत्र नाही, पण त्याच्या जमिनीवर हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे. आपली पृथ्वीसुद्धा ध्रुवांकडून गळतेच. तिचं क्षेत्र वाऱ्याला दूर ठेवतं खरं, पण त्याच वेळी ते ग्रहापेक्षा कितीतरी मोठ्या परिसरातली ऊर्जा गोळा करून ध्रुवांवर उतरवतं. पृथ्वी, शुक्र आणि मंगळ यांची आजची आयनांची गळती म्हणूनच फारशी वेगळी निघत नाही. क्षेत्राला ‘ढाल’ म्हणून विषय संपवणं मला चुकीचं वाटतं.

लाल बटुताऱ्यांकडे हे सगळं पराकोटीला जातं. 2016 मध्ये सापडलेला प्रॉक्सिमा सेंटॉरी बी हा ग्रह आपल्या ताऱ्याभोवती 11.2 दिवसांत फिरतो, म्हणजे आपण सूर्यापासून जितके दूर आहोत त्याच्या विसाव्या भागावर. तारा सूर्याइतकाच वारा सोडत असेल तर इतक्या जवळ तो चारशेपट दाट लागणार. त्यातही मला काळजी वाऱ्यापेक्षा तरुण ताऱ्याच्या किरणांची वाटते. असे तारे स्थिरावायला कोट्यवधी वर्षं घेतात, तेवढा काळ ग्रहाच्या माथ्यावर नवतपाच असतो. हायड्रोजन तेव्हा इतका तापतो की तो वाऱ्याची वाट न बघता स्वतःच वाहून निघतो आणि जाताना जड वायूंनाही ओढून नेतो.

ट्रॅपिस्ट-1 या लाल बटुताऱ्याच्या बी या ग्रहाबद्दलही तुम्ही वाचलं असेल. 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याची दिवसाची बाजू सुमारे 230 अंश सेल्सियस मोजली. उष्णता रात्रीच्या बाजूला नेणारं दाट वातावरण असतं तर ती बाजू इतकी तापली नसती. त्याच ताऱ्याचा ई हा ग्रह मात्र बराच बाहेर, 6.1 दिवसांच्या कक्षेत आहे. बी उघडा निघाला म्हणून ई सुद्धा उघडाच असेल असं मी धरत नाही. गेलेला वायू ज्वालामुखी किती वेगाने भरून काढतात, यावरही ते ठरेल.