बझ, हिस, क्रॅकल: इंग्रजीतले आवाजाचे शब्द समजायचे कसे?

तुमचा प्रश्न असा दिसतो: बारावीच्या इंग्रजीत ऑनोमॅटोपिया (आवाजाची नक्कल करणारा शब्द) हा अलंकार आहे, व्याख्या पाठ आहे, पण कवितेत तसा शब्द आला की तो कसला आवाज आहे हे कानाला लागत नाही. मग यादी पाठ करायची का?

यादी सोडा. मी सोलापुरात इंग्रजीच्या शिकवण्या घेतो आणि यादी पाठ केलेली मुलंच यात जास्त अडकताना बघतो.

आधी मराठीत काय होतं ते बघा. आवाज एकदाच झाला की आपण ‘कन’ लावतो: धाडकन, खटकन, कडकन. होतच राहिला की शब्द दोनदा म्हणतो: धडधड, खटखट, कडकड. इंग्रजीत अशी जोडी कमी. तिथे तेच काम बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटचा ‘ल’ किंवा ‘र’ करतो. क्रॅक म्हणजे कडकन, क्रॅकल म्हणजे तडतड. पॅट म्हणजे हलकी थाप, पॅटर म्हणजे पत्र्यावरच्या पावसाची टपटप. आता बाकीचे लावून बघा. रॅटल खडखड, रसल सळसळ, टिंकल किणकिण, रंबल गडगड, मंबल पुटपुट, व्हिस्पर कुजबुज. आपल्याकडे जोडशब्द, त्यांच्याकडे ल-र. उलट थड, बँग, स्नॅप, पॉप एका फटक्यात संपतात, म्हणजे आपले ‘कन’वाले. (टेबल आणि बॉटललाही शेवटी ल आहे म्हणून त्यातून आवाज काढू नका. हा कल आहे, नियम नाही.)

शब्दाचा शेवट आणखीही सांगतो. ट, प, क आले की आवाज तुटतो: टॅप, क्लिक. ‘ंग’ आला की घुमतो: रिंग, क्लँग. स, श, झ आले की लांबतो: हिस, स्वूश, बझ. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम पाहिलं असेलच. वात पेटते ते हिस, बाण वर जातो ते व्हूश, फुटतो ते बँग, आणि खाली येताना ठिणग्या तडतडतात ते क्रॅकल. स्वरही बघा: ग्लासला ग्लास लागला की क्लिंक, जड लोखंड आपटलं की क्लंक. ‘इ’ बारीक आवाजाला, ‘अ’ किंवा ‘ऑ’ जाड आवाजाला. टिक-टॉक, डिंग-डाँग यांत इ नेहमी आधी येतो. टॉक-टिक कुणी म्हणत नाही.

सोलापुरात राहून हा विषय अवघड वाटावा याचं मला नवल वाटतं. मराठीत पाणी झुळझुळतं, कन्नडमध्ये जुळुजुळु वाहतं, शहराच्या पूर्व भागात तेलुगूत विचाराल तर गलगला. मराठीचं कुळ वेगळं, कन्नड-तेलुगूचं वेगळं, तरी सवय एकच. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1969 साली याच मुद्द्यावर लेख लिहिला की असे दुहेरी ध्वनिशब्द भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांना सामाईक आहेत. म्हणजे तुमचा कान तयारच आहे.

काही शब्दांतला आवाज मात्र काळाने पुसलाय. नॉकच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला के आहे तो पूर्वी उच्चारला जायचा, ‘क्नॉक’ असा. म्हणून तो दार ठोठावल्यासारखा वाटायचा. लाफमधला जीएच पूर्वी घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळपास निघायचा. तो फ झाला आणि हसणं त्यातून गेलं.

दोन ठिकाणी मार्क जातात. ग्लिटर, ग्लीम, ग्लो यांत ‘ग्ल’ सारखा येतो, पण तिथे आवाज नाही, उजेड आहे. आपलं लखलख, झगमग तसंच. त्याला ऑनोमॅटोपिया लिहू नका. दुसरं, एका ओळीत चार शब्द ‘स’ने सुरू झाले तर तो अनुप्रास, म्हणजे अ‍ॅलिटरेशन. त्यातला एखादा शब्द स्वतः आवाज करत असेल तरच दोन्ही अलंकार. आणि इंग्रजीत हे शब्द सरळ क्रियापद होऊन ईडी, आयएनजी लावून बसलेले असतात, तेव्हा आधी शेपूट काढा आणि उरलेला शब्द मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. परीक्षेच्या हॉलमध्ये ओठ हलवले तरी चालतं.

उत्तरात नुसतं अलंकाराचं नाव लिहून थांबू नका. कोणता शब्द आणि तो कशाच्या आवाजाची नक्कल करतो, हे एका वाक्यात लिहा. शंका आली तर घरी चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. व्युत्पत्तीच्या जागी ‘इमिटेटिव्ह’ किंवा ‘एकोइक’ लिहिलेलं असेल तर शब्द आवाजावरूनच आलाय.