इस्तंबूलच्या मांजरांना काय न्यावं?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही पाच दिवस इस्तंबूलला जाणार आहोत. तिथल्या रस्त्यावरच्या मांजरांचे व्हिडिओ बघून माझी नऊ वर्षांची लेक वेडी झाली आहे. त्यांच्यासाठी काहीतरी करायचंच, म्हणून मागे लागली आहे. पाच दिवसांच्या पाहुण्यांनी काय करावं? एखादं अनाथ पिल्लू दिसलं तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लेकीला आधी माझी शाबासकी सांगा, ताई. यजमानांच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं कादिकोयमध्ये, म्हणजे इस्तंबूलच्या आशियाई बाजूला राहिले. आमच्या इमारतीच्या पायरीवर एक करडी मांजर बसायची. पहिला आठवडाभर मी तिला बेवारस समजले. मग कळलं, सकाळचं खाणं खालचा न्हावी घालतो, पाण्याचं भांडं तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भरतात. तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. ती जखम नव्हे, नसबंदी झाल्याची खूण. 2004 च्या प्राणी-संरक्षण कायद्यानुसार मांजर पकडायची, नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि तिच्या जागी आणून सोडायची, अशी तिथली रीत आहे. 2024 च्या दुरुस्तीने कुत्र्यांसाठी हे बदललं, मांजरं मात्र गल्लीतच आहेत.

म्हणून पिल्लाबद्दल कळकळीने सांगते : उचलू नका. एका वसंतात आमच्या दारच्या कुंड्यांमागची दोन पिल्लं एका पर्यटक जोडप्याने दयेपोटी पिशवीत घालून नेली. आई खाणं शोधायला गेली होती, एवढंच. हॉटेलवाल्यांनी नाही म्हटल्यावर त्यांनी ती कुठल्याशा बागेत सोडली. ती मांजर दोन दिवस कुंड्या हुंगत ओरडत होती. न्हाव्याने शोधाशोध केली, एकच पिल्लू मिळालं. पिल्लू एकटं दिसलं तर लांब उभं राहून वाट पाहा, शेजारच्या दुकानदाराला विचारा. जखमी किंवा आजारी असेल तर फोटो काढून त्यालाच दाखवा. जवळचा प्राण्यांचा डॉक्टर त्याला ठाऊक असतो, आणि उपचाराच्या खर्चाला तुम्ही हातभार लावलात तर त्याहून मोठी मदत नाही.

खाऊ नाशकाहून नेऊ नका. मांजरांचं कोरडं खाणं तिथे किराणा दुकानातही मिळतं. मूठभरच घाला, तेही भिंतीच्या कडेला. रस्त्याच्या मधोमध टाकलेल्या घासापायी मांजर गाडीखाली येते. उरलेलं खाणं, रिकामी पाकिटं उचला. घाण झाली की शेजारी वैतागतात आणि त्याचा राग मांजरांवर निघतो. एमिनोन्यूला, म्हणजे युरोपीय बाजूच्या धक्क्यापाशी, मासा-पाव खाताना मांजरं पायात येतील. काटा आणि कांदा काढून नुसता मासा द्या, कांदा त्यांना विषासारखा. आणि दूध नको! आपल्याकडे मांजर म्हटली की दुधाची वाटी आलीच, पण मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात. त्यापेक्षा रिकामं भांडं दिसलं की बाटलीतलं पाणी ओता.

लेकीला एक ताकीद मात्र द्या. मांजरीला उचलायचं नाही, खाताना हात लावायचा नाही. तुर्कस्तानात रेबीज आहे. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टूरवाले ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणाले, तरी ऐकू नका.

वेळ काढून कादिकोयच्या झिव्हेरबेय भागात जा. तोंबिली नावाची एक गुबगुबीत मांजर तिथे पायरीला कोपर टेकून बसायची. ती गेल्यावर 2016 मध्ये लोकांनी तिचा तसाच पुतळा बसवला. लेकीला फार आवडेल. जाण्याआधी तिला दोन तुर्की शब्द शिकवा : मांजरांच्या खाण्याला तिथे ‘मामा’ म्हणतात आणि पाण्याला ‘सू’. ती हसून लोळेल, पण दुकानात हेच दोन शब्द कामी येतील.