व्हिडिओ आणि प्रॉडक्ट फोटो दोन्हीसाठी मिररलेस कॅमेरा घ्यायचाय, ट्राय करताना काय काय बघू?

स्वतःचं मेमरी कार्ड आणि तुम्ही जे शूट करता त्यातली एखादी चकचकीत वस्तू सोबत न्याच. ४के लावून सलग २०-३० मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण काही बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) गरम होऊन मध्येच बंद पडतात आणि काहींमध्ये सेकंदाला ६० फ्रेम लावल्या की इमेज क्रॉप होते (कडा कापल्या जातात), म्हणजे तुमची वाइड लेन्स वाइड राहतच नाही, आणि हे नुसते स्पेक्स वाचून पटकन लक्षात येत नाही. मग वस्तू लेन्ससमोर धरा, फोकस चेहऱ्यावरून वस्तूवर किती सहज सरकतो ते बघा.

प्रॉडक्ट फोटोला खरं सांगू का, आजची जवळपास कुठलीही बॉडी चालते! ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि मोठा सॉफ्टबॉक्स (लाइट मऊ करणारा कापडी डबा), बस. पैसे मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) आणि लाइटवर घाला. एलईडी घेताना सीआरआय (लाइटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९५ च्या वरचा बघा, नाहीतर कापडाचा रंग एक आणि फोटोत भलताच.

बाहेर व्हिडिओ करणार असाल तर एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) लागेलच, कारण सेकंदाला २५ फ्रेमला शटर १/५० सेकंद ठेवलं की उन्हात सगळं पांढरंफटक होतं. गिंबल (हात हलला तरी कॅमेरा स्थिर ठेवणारा स्टँड) नंतर घेतला तरी चालेल.