तळटीप उघडून बघ

अगं,

तुझा मेल वाचला. गाइड म्हणतात, प्रबंधात विकिपीडियाचं नाव दिसलं तर प्रकरण परत करीन. वर्गातली पोरं त्यातूनच उतारे उचलून असाइनमेंट देतात. आणि तू स्वतः रात्री तेच वाचून सकाळी शिकवतेस, म्हणून तुला चोरटं वाटतं. ते आधी सोड. वाचण्यात काही गैर नाही. गैर आहे तळटीप न उघडणं.

गोव्यातल्या डिचोलीचं प्रकरण तुला माहीत नसेल तर कमाल आहे, विषय तुझाच. पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ मध्ये डिचोलीला झालेल्या युद्धावर इंग्रजी विकिपीडियात २००७ साली एक लंबाचौडा लेख आला. असं युद्ध कधी झालंच नव्हतं. तरी त्याला 'चांगला लेख' असा दर्जा मिळाला आणि तो पाच वर्षं टिकला! अगं, १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मग पोर्तुगीजांशी लढणारं साम्राज्य कुठलं? आपल्याकडच्या शाळकरी पोरानेही हे विचारलं असतं. २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने लेखाखालची पुस्तकं शोधायला घेतली, तर ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत असं निघालं. लेख उडाला.

तुझे गाइड म्हणतील, बघा, म्हणूनच नको. मी म्हणतो, ज्याने तळटीप उघडली त्याला थाप सापडली. बाकीच्यांनी तळटिपांचे नुसते निळे आकडे पाहून माना डोलावल्या.

प्रबंधापुरतं सांगायचं तर गाइडचं म्हणणं बरोबर आहे. मूळ संशोधन, म्हणजे आधी कुठे न छापलेलं काही, इथे चालणार नाही, हा विकिपीडियाचाच नियम. मग संशोधनाचा आधार म्हणून त्याचं नाव कसं देशील? लेखाखालच्या तळटिपेतलं पुस्तक मिळव, पान काढ, वाच, आणि त्याचा संदर्भ दे. पुस्तक न बघता तळटीप तशीच उचललीस तर मात्र पोरांच्या कॉपीपेक्षा वाईट. विकिपीडियाचा लेखच तुझ्या अभ्यासाचा विषय असेल, तर लेखावरच्या 'इतिहास पहा' या दुव्यामधली नेमकी आवृत्ती तारखेसह दे, कारण पान उद्या बदलेल.

वर्गात बंदी घालू नकोस. प्रत्येकाला मराठी विकिपीडियावरचा एक लेख दे. 'संदर्भ हवा' असा शेरा पडलेलं एखादं विधान त्यांनी निवडायचं आणि आधार शोधायचा. शेजारी मराठी विश्वकोशाची नोंद ठेवायची. ती जुनी असेल, पण खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि नेटवर फुकट मिळते. 'चर्चा' पानही वाचायला लाव, माणसं कशावरून भांडतात ते कळतं.

हे मी करून पाहिलंय. स्टाफरूममध्ये म्हणायचे, सर पोरांना कॉप्या शिकवतात. पुढे विभागाने हे गुण धरायला नकार दिला आणि मी थांबलो. थांबायला नको होतं, ही रुखरुख आहे. पण पोरांचे गुण पणाला कोण लावणार? तू म्हणशील, सर स्वतःचीच बाजू मांडतायत. मांडतोय. तुझ्या हातात अजून नोकरीची वर्षं आहेत, तू भांड.

दुसऱ्या प्रकरणाची संदर्भसूची रविवारपर्यंत पाठव. त्यातली जी पुस्तकं प्रत्यक्ष हातात घेतलेली नाहीत, त्यांच्यापुढे फुली मार. फुल्या बघून मी रागावेन, तरी मार.

— तुझा सर