वाचकांचे प्रश्न : 'रिबेल विदाउट अ कॉज' कसा पाहावा, कसा दाखवावा

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात पौगंडावस्थेतल्या बंडावरचा एकच जुना अमेरिकन चित्रपट दाखवायचा आहे. 'द वाइल्ड वन', 'ब्लॅकबोर्ड जंगल' की 'रिबेल विदाउट अ कॉज'?

उत्तर : निःशंकपणे 'रिबेल'. 'द वाइल्ड वन' (1953) ब्रिटनच्या सेन्सॉरने 1967 पर्यंत अडवून धरला होता, त्यामुळे त्याचा दबदबा मोठा. पण त्यातली मोटरसायकलवाली टोळी शाळकरी वयाची नाही. 'ब्लॅकबोर्ड जंगल' (1955) वर्गातलाच आहे आणि 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणं त्यामुळेच घराघरांत पोहोचलं. तरी ती गोष्ट शिक्षकाची आहे, मुलं त्याच्या नजरेतून दिसतात. निकोलस रे यांचा 'रिबेल' (1955) मात्र मुलांसोबत चालतो. वयंही जवळची आहेत : चित्रीकरणाच्या वेळी ज्युडी झालेली नॅटली वुड आणि प्लेटो झालेला साल मिनिओ 16 वर्षांचे होते, नायक जिम झालेला जेम्स डीन 24 चा. 'ब्लॅकबोर्ड'मध्ये विद्यार्थी झालेला सिडनी पॉइटिए तेव्हा 27 वर्षांचा होता!

लांबी 111 मिनिटं आहे. मध्यंतर घ्यावंच लागलं, तर कड्यावरच्या मोटारींच्या प्रसंगावर थांबण्याचा मोह होईल. तिथे थांबू नका. त्यानंतर लगेच येणारा घरातल्या जिन्याचा प्रसंग त्याच धक्क्यातून उभा राहतो. तो संपू द्या, मग दिवे लावा. चाकूची मारामारी आणि शेवटी गोळीबारात एका मुलाचा मृत्यू आहे, हे मुलांना आधी सांगा.

प्रश्न : आमच्या पडद्यावर माणसं कडेला अर्धीच दिसत होती. प्रत खराब होती का?

उत्तर : बहुधा 'झूम' चालू होता. हा चित्रपट सिनेमास्कोपमध्ये आहे; रुंदी उंचीच्या 2.55 पट. आजचा टीव्ही 16:9 म्हणजे सुमारे 1.78 पट. पूर्ण चित्र दिसायचं तर वर आणि खाली प्रत्येकी सुमारे 15 टक्के काळी पट्टी येणारच. ती घालवायला चित्र फुगवलं, की रुंदीतला 30 टक्के भाग जातो. जुन्या चौकोनी 4:3 प्रतीत तर जेमतेम 52 टक्के उरतो. 8 फूट रुंद पडद्यावर चित्र साधारण 3 फूट 2 इंच उंच यायला हवं. टेपने मोजून बघा.

इथे हे फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीला पोलिस ठाण्यात जिम, ज्युडी आणि प्लेटो एकमेकांना ओळखतही नसतात, पण काचेच्या आडभिंतींमुळे एकाच चौकटीत दिसतात. कडा कापल्या, की तिघांचं एकटेपण एकाच जातीचं आहे ही गोष्टच पडद्यावरून जाते.

प्रश्न : बाप मारत नाही, घरात पैसा आहे, दाराशी गाडी आहे. मग जिम चिडलाय कशावर?

उत्तर : बाप उत्तर देत नाही यावर. जिमला मोकळीक नको आहे, त्याला कुणीतरी ठामपणे उभं राहिलेलं हवं आहे. चोरीच्या मोटारी कड्याकडे भरधाव न्यायच्या, आधी उडी मारेल तो भेकड, अशी ती पैज. जाण्याआधी तो वडिलांना सल्ला विचारतो. सुटावर एप्रन बांधलेले वडील म्हणतात, घाई नको, साधकबाधक यादी करू. पैजेत जिमचा प्रतिस्पर्धी बझ याच्या बाहीचा पट्टा दाराच्या हँडलमध्ये अडकतो आणि तो मोटारीसकट खाली जातो. जिम घरी येऊन खरं सांगतो, पोलिसांकडे जायचं म्हणतो. आई जिन्यात वर, वडील खाली, मध्ये जिम. आणि कॅमेरा तिरका. आई म्हणते, तू यात पडू नकोस. वडील गप्प. मग जिम त्यांच्या अंगावर धावून जातो. हा क्रम ध्यानात ठेवला तर त्या हिंसेचा अर्थ लागतो : ती नकारातून येत नाही, मागणीतून येते.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा फक्त कोटांवर लक्ष ठेवा. चित्रीकरण कृष्णधवल सुरू झालं होतं, थोड्याच दिवसांत ते रंगीत केलं गेलं. त्यामुळे लाल रंग आपल्याला मिळाला. पोलिस ठाण्यात ज्युडीचा कोट लाल आहे. तिथेच जिम कुडकुडणाऱ्या प्लेटोला आपला कोट देऊ करतो, तो नाकारतो. लाल जॅकेट जिम पैजेच्या रात्री घालतो. शेवटी प्लेटो ते घेतो, आणि जिमने गोळ्या काढून ठेवलेलं पिस्तूल हातात असताना पोलिसांच्या गोळीने मरतो. त्यानंतर वडील आपला कोट जिमच्या खांद्यावर घालतात. संपूर्ण चित्रपटात त्या बापाने वेळेवर केलेली ही पहिली कृती आहे, आणि दुसऱ्या एका मुलासाठी तिला उशीर झालेला आहे.

प्रश्न : प्लेटोला जिमबद्दल वाटतं ते मैत्रीपलीकडचं आहे का?

उत्तर : हो, आम्ही तसंच वाचतो. हॉलिवूडची नैतिक संहिता 1934 पासून 1968 पर्यंत काटेकोरपणे किंवा सैलपणे लागू होती, आणि समलैंगिक आकर्षण दाखवायला तिची मनाई होती. म्हणून ते संवादांत नाही, मिनिओच्या नजरेत आहे. प्लेटोच्या शाळेतल्या लॉकरच्या दारावर आतून अभिनेता ॲलन लॅड याचा फोटो लावलेला आहे. हा शॉट क्षणभराचाच आहे. लॉकर उघडताना डोळे पडद्यावर ठेवा.