अ‍ॅम्प बदलण्याआधी खुर्ची हलवा

‘नवे स्पीकर आल्यापासून एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नाही, मिनिटभरात पुढचं लावतो. खर्ज घुमतो. अ‍ॅम्प बदलू का?’ हे तुमचं वाचलं आणि हसू आलं. काही वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरत होतो.

माझा अ‍ॅम्प (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरला ताकद पुरवणारा डबा) ५० वॅटचा. खर्जातला एक ठराविक सूर लागला की खोली भरून जायची आणि गायकाचा गळा त्याखाली दबायचा. एका दुकानात (नाव घेत नाही) सांगितलं, ‘स्पीकरला दम पुरत नाही.’ १०० वॅटचा लावून दाखवला. आवाज खरंच मोकळा वाटला, घेतला. घरी आणला तर तोच सूर तसाच घुमतोय! पुन्हा गेलो, तर म्हणे आता वायर बदला. तीही बदलली. शहाणाच मी.

वॅट दुप्पट केले की पदरात पडतात ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे वॅट दहापट. शिवाय दुकानात दुसरा अ‍ॅम्प किंचित जास्त आवाजात वाजत होता, असा मला आता दाट संशय आहे. एखाद्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘छान’ म्हणून जाणवतो. मुद्दाम केलं असेल असं म्हणत नाही. पण आवाज जुळवून न घेता केलेली तुलना फुकट.

घुमत होती ती खोली. लांबी ४ मीटर. तेवढ्या अंतरात साधारण ४३ हर्ट्झचा सूर अडकून राहतो आणि भिंतीलगत त्याचा जोर सगळ्यात जास्त. माझी खुर्ची कुठे? मागच्या भिंतीला टेकून. तीन फूट पुढे घेतली, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढले, संपलं. (अगदी मधोमध बसू नका, तिथे तोच सूर गायब होतो.) एवढ्यासाठी दोन वर्षं!

पैशांचं सोडा. त्या दोन वर्षांत मी चारच गाणी ऐकली, तीही चाळीस-चाळीस सेकंद. झांजेचा नाद किती वेळ रेंगाळतो, गायकाचा श्वास ऐकू येतो का, हे बघायला. त्यातल्या एकाचाही दुसरा अंतरा विचारला असतात तर सांगता आला नसता.

आता खटपट महिन्यातून एकच दिवस. बाकी दिवस रिमोट हाताला लागणार नाही असा ठेवतो आणि अल्बम लागला की संपेपर्यंत उठत नाही. काहींना खटपटीतच गंमत वाटते, त्यात गैर काहीच नाही. फक्त ते गाण्याचं प्रेम म्हणून खपवू नये, हे माझं मत. हाय-रेझ फाइलींचंही (सीडीपेक्षा जास्त बारकाव्याने साठवलेली गाणी) तेच. साध्या सीडीतच २० किलोहर्ट्झपर्यंतचं, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं मावतं, आणि माझ्या कानांना आता तेवढंही ऐकू येत नाही.

मी इंजिनियर नाही, तुमची खोलीही पाहिलेली नाही. एकाच बाजूने खरखर येत असेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅम्प बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपाशी अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष अ‍ॅम्पचा किंवा त्याच्या मागच्या जोडणीचा. जागची हलली नाही तर स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा.

तसं नसेल तर ऑर्डर आठवडाभर थांबवा. खुर्ची किती सरकवली आणि काय फरक पडला, तेवढं मात्र इथे लिहा.